मिस्त्रीच्या टोप्या

मिस्त्री माणसाचं तोंड नंतर पाहायचा, आधी बोटं पाहायचा. लग्नाच्या मांडवात भेटला तरी त्याची नजर समोरच्याच्या हातावर. ऑफिसांमधले टायपरायटर दुरुस्त करणं हे त्याचं काम. सायकलला पिशवी अडकवून कधी भिलाई-तीनला, कधी अहिवाऱ्याला जायचा. मूळचा हिंगणघाटचा, राहायचा रुआबांध्याला, एकटा. माझ्या नवऱ्याचा दोस्त, म्हणून जाता-येता आमच्या क्वार्टरवर चहाला थांबायचा.

टायपरायटरच्या बटणावर बोट टेकवायची जी चकती असते, तिला तो टोपी म्हणायचा. मोडीत निघालेल्या मशीनींच्या टोप्या काढून त्यानं डबे भरून ठेवले होते. काही सपाट, काही वाटीसारख्या खोलगट, काही पुढून उतरत्या, काही काचेच्या आणि भोवती लोखंडी कडं असलेल्या. जाड बोटांच्या बाबूला तो सपाट टोप्या बसवायचा, बारीक बोटांच्या बाईला खोलगट. टोपी कशीही असली तरी अक्षर तेच उमटतं, असं कोणी म्हटलं की चिडायचा. "मंग चप्पलबी कोणाचीई घाल ना. अन् जाय पायी दुर्गले."

मी चौथी शिकलेली. मला हे रिकामपणाचे उद्योग वाटायचे, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगायचे. तो हसायचा.

मग माझा नवरा गेला. त्याच्या जागी आमच्या मुलीला, सुशीला, क्लार्कची नोकरी मिळणार होती, पण टायपिंगची परीक्षा पास झाली तर. नाहीतर क्वार्टर सोडायचं. गावाकडे दिरांनी आधीच हात वर केले होते. सुशीची डाव्या हाताची करंगळी लहानपणी शेगडीवर भाजून आखडलेली. नेमकं इंग्रजीतलं ए हे अक्षर त्याच बोटाखाली येतं, आणि त्याच्याशिवाय एक ओळ भरत नाही. एवढं मलाही कळलं.

मिस्त्रीनं एक जुनी मशीन आणून आमच्या टेबलावर ठेवली. आठ दिवस तो डब्यांतल्या टोप्या एकेक बसवून पाहत होता. ही घसरते, ही टोचते, ही बुटकी. शेवटी एक उंच, खोल वाटीची टोपी ए वर बसली आणि सुशीचं आखडलेलं बोट त्यात बरोबर मावलं. पोरगी धडाधड टाइप करू लागली. मी विचारलं, "परीक्षेत ही मशीन चालेल ना?"

"वहिनी, वीस वर्षांपासून पाहून राहिलो. सारेच आपापली मशीन रिक्षात घालून नेतात."

परीक्षेच्या दिवशी सुशीनंही नेली. दारावरच्या माणसानं सांगितलं, यावेळी सगळ्यांनी ऑफिसच्याच मशीनीवर बसायचं. तिच्या वाट्याला सपाट काचेच्या टोप्या आल्या. करंगळी घसरत राहिली. ए कुठे उमटला, कुठे नाही. नापास.

संध्याकाळी मिस्त्री आला तेव्हा मी त्याला बसा म्हटलं नाही. म्हटलं, "बोटाचे लाड तुम्ही केले आणि घर माझं चाललं. तुम्हाला काय, ना बायको, ना पोर."

त्यानं मशीनीची ए ची टोपी चिमट्यानं ओढून काढली, खिशात टाकली आणि गेला.

चार महिन्यांनी परीक्षा पुन्हा होणार होती. तोवर क्वार्टरमध्ये राहायची परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री डबे घेऊन हजर. मशीनीच्या सगळ्या टोप्या काढल्या आणि एकीला दुसरीचा मेळ नाही अशा बसवल्या. एक उंच, एक बसकी, एक तडकलेल्या काचेची. सुशी रडायला लागली. "काका, हे कावून करून राहिले तुम्ही?"

"तिथं कोणती मशीन येईन, ते आपल्या हाती नाई पोरी. मागच्या टायमाले म्या टोपीले शिकवलं. आता तुह्या बोटाले शिकवतो."

दर रविवारी येऊन तो टोप्या बदलायचा. ती जरा सरावली की पुन्हा बदलायचा. सुशी म्हणायची, "काका, तुम्ही सासूपेक्षा बेकार हा!" तो म्हणायचा, "सासू भेटन तवा माही आठवण काढजो." मी चहा विचारला की उत्तर एकच, "पिऊन आलो वहिनी." चार महिन्यांत त्यानं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

सुशी पास झाली. मी पेढे घेऊन त्याच्या खोलीवर गेले. त्यानं दारातच एक पेढा खाल्ला, "चांगलं झालं," म्हणाला, आणि आत कामाला बसला. मी तशीच परत आले.

पुढे ऑफिसांत कॉम्प्युटर आले, मिस्त्रीला कोणी बोलावेना. एक दिवस सुशीला ऑफिसात भेटून तो हिंगणघाटला गेला. आमच्या घरावरूनच स्टेशनचा रस्ता जात होता. तिकडे गेल्यावर दोन वर्षांत तो वारल्याचं कळलं.

त्या क्वार्टरमध्ये मी आणखी बरीच वर्षं राहिले. सुशीचं लग्न तिथूनच झालं. मिस्त्री भिलाईत होता तोवर बाजारात, लग्नाकार्यात दहा वेळा समोर आला. मी चुकीचं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. दर वेळी मी त्याला तब्येत विचारली.