आईच्या कॅसेटचं कव्हर

आमच्या घरातल्या कॅसेटींना दुकानातली कव्हरं कधी नव्हतीच. बाबा वाशीच्या एका दुकानातून कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून आणायचे आणि आई त्यांना घरी कव्हरं करायची. बाबा न्हावा शेवा बंदरात मालाची कागदपत्रं सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होते. दर वर्षी त्यांना जहाज कंपन्यांची गुळगुळीत कॅलेंडरं मिळायची. वर्ष संपलं की आई कात्री घेऊन बसायची. त्यामुळे आमच्याकडे अभंगांवर बर्फाचे डोंगर होते आणि लावण्यांवर भलंमोठं मालवाहू जहाज. आम्ही भावंडं फिदीफिदी हसायचो. आई साताऱ्याकडची, ती कशाला ऐकून घेते! "हसा. दुकानात मिळंल का असलं?"

बाबा गेल्यावर कॅसेटी नेरूळच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पडून होत्या. यंदा दिवाळीच्या साफसफाईत आई त्या भंगारात द्यायला निघाली, तेव्हा मी हट्टाने ठेवून घेतल्या. गाणी लॅपटॉपवर उतरवली. कव्हरं खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर मांडून मोबाईलने त्यांचे फोटो काढले. गाणी वाजवायचं अ‍ॅप भलतंच आगाऊ. गाणं ओळखून आपणच बाजारातलं कव्हर चिकटवायचं. मी ते चिडून काढायचे आणि आईचं लावायचे.

फोटो मोठे करताना ती कव्हरं मी पहिल्यांदा नीट पाहिली. डोंगराच्या कडेने फिरलेली कात्री कुठेही अडखळली नव्हती. जहाजामागचं आकाश तिने लग्नपत्रिकेच्या सोनेरी कागदाचं केलं होतं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही नुसते हसलो. मला फार वाईट वाटलं.

शेवटी एक कॅसेट उरली, कव्हर नसलेली. लावली, तर आईचा आवाज! सोसायटीच्या हळदीकुंकवाला ती गायली होती, ते बाबांनी टेप केलं होतं. सुरुवातीला आवाज घाबरलेला होता, मग असा काही मोकळा झाला की मी हातातलं काम सोडून ऐकत बसले.

"आई, हिला का नाही केलंस कव्हर?"

"माझ्या गाण्याला कसलं कव्हर?" ती लसूण सोलत होती. सोललेली पाकळी वाटीत टाकून म्हणाली, "तुझे बाबा सांगायचे, ह्याला एक कर, त्याला एक कर. हिला काय बोलले न्हाईत. बोलले असते तर केलं असतं की."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, कात्री आणली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने खरंच कात्री उचलली. पण संधिवाताने सुजलेला अंगठा कात्रीत जाईना.

"मी कापते, तू सांग," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे गं. तवा हौस होती."

मग मी सगळी गाणी तिच्या मोबाईलवर घातली आणि अ‍ॅप उघडून दिलं. स्क्रीनवर कव्हरांचे छोटे छोटे चौकोन आले. ती बोटाने सरकवत बघू लागली. जहाज आलं तेव्हा स्वतःच हसली. शेवटी एक करडा, रिकामा चौकोन आला. चित्र नसलं की अ‍ॅप तसाच ठेवतं. तिचं बोट त्यावर थांबलं.

"ही माझी ना?"

"हो."

"बरं हाय," ती म्हणाली. "लगेच वळखू आली."