गाण्यातला कुकर

काल माळा आवरताना जुन्या कॅसेटचा गोडसर वास आला आणि मी थेट कणकवलीच्या घरी पोचले. मावसभावाने पुण्याहून आणलेली कुठल्याशा अनोळखी रॉक बँडची कॅसेट मी आणि मैत्रीण शैला ऐकत होतो. आवाजात खरखर होती, गिटार किंचित बेसूर, तरी अंगावर काटा येत होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली. पडवीत मासे साफ करणारी आई ओरडली, "कुकर कोणी लावल्यान गो?"

"आई, तो गाण्यातलो कुकर!"

शैला उडालीच. "म्हणजे ह्येंनी घरातच गाणी केल्यानी?"

शैला स्वतः गाणी रचायची, पण लाजून कुणाला ऐकवत नसे. त्या बँडचं नाव आजही कुणाला ठाऊक नाही. त्या दुपारी मात्र शैलाने टेप बंद केला आणि आपलं गाणं पहिल्यांदा मोठ्याने, अख्खं म्हटलं.