सरस्वतीपुढे ठेवलेली वही

अक्षर वाकडे आहे, शुद्धलेखनही चुकले असेल, माफी असावी; चौथीनंतर लिहायची वेळच आली नाही. आज कापूर लावला आणि त्या वासाने ते नवरात्र आठवले. सून केळीच्या आडतीवर कामाला जायची आणि टपालाने येणारी पुस्तके वाचून व्यापार-व्यवस्थापन शिकायची. फी माझ्या नणंदेने उसनी दिली होती. सप्तमीला मी सरस्वती मांडली आणि घरातली सर्वांत मोठी विद्या म्हणून सुनेची उत्तरांची वही पूजेत ठेवली. दुसऱ्या दिवशी सुनेने सारे घर उलटेपालटे केले. "आई, वही आज अभ्यासकेंद्रावर दिली नाही तर वर्ष गेलं!" मांडलेली विद्या दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. तेवढ्यात दर्शनाला आलेल्या नणंदेला ती फुलांखाली दिसली. "काय वहिनी, यंदा परीक्षेला सरस्वती बसणार का?" मी हात जोडले, वही उचलली आणि सुनेला दिली. संध्याकाळी ती पावती घेऊन हसत आली. "वहीवरची हळद बघून केंद्रावरचा बाबू म्हणाला, पूजा करके लाई हो क्या? पण घेतली, आई." माझा जीव भांड्यात पडला. पुढे ती पास झाली, पगार वाढला, आणि आज नणंदेने उसन्या दिलेल्या फीचा शेवटचा रुपयाही फिटला.