मागं उभा राहणारा माणूस

नागभीडजवळचं आमचं गाव मी सोडलं, त्या दिवशी गाडी उलटी निघाली. आमच्या गल्लीचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं थेट बोडीला. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं आमचं लहानसं तळं. तिथं वळायला जागा नाही, म्हणून आत आलेली प्रत्येक गाडी पाठमोरीच बाहेर काढायची आणि मागं कोणीतरी उभं राहायचं. आमच्या दारापुढं तो मान बाबांचा. शेजारच्या भाऊंची जीप हळूहळू मागं सरकत होती आणि बाबा पत्र्यावर थाप मारत ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे... थोडी डाव्या अंगानं... बस!" पुढच्या काचेतून दारातली आई लहान होताना दिसत होती. बाबा दिसत नव्हते, नुसती थाप ऐकू येत होती. मला रडू आलं ते त्या थापेनं.

आता मी कॅनडातल्या एका छोट्या शहरात नर्स आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं ड्रेसिंग करायचं, इन्सुलिन द्यायचं. नोकरी पक्की व्हायला लायसन्स हवं आणि लायसन्सला पॅरलल पार्किंग यायला हवं. म्हणजे उभ्या दोन गाड्यांच्या मधल्या जागेत आपली गाडी उलटी घालून फुटपाथला लावायची. सरळ चालवायला मी पटकन शिकले. रस्त्यात ना म्हशी, ना वाळत घातलेलं धान. उलटं मात्र काही केल्या जमेना.

पहिल्या परीक्षेत मी रिव्हर्स टाकला, काच खाली केली आणि शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंना अगदी नम्रपणे म्हटलं, "जरा उतरून मागं बघता का?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं हो! मागं माणूस नसताना गाडी उलटी घेणाऱ्याला आमच्याकडे चार शिव्या पडतात. बाई काही उतरल्या नाहीत. मी बावचळले, चाक फुटपाथवर चढलं आणि नापास झाले. ऑफिसातून निरोप आला, आता एकच संधी, नाहीतर दुसरी नर्स बघू.

बाबांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "काऊन घाबरून राह्यली? मी पाह्यतो न मागं!"

मग एका रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये माझी मैत्रीण हरप्रीत गाडीच्या मागं फोन धरून उभी राहिली आणि फोनमध्ये व्हिडिओ कॉलवर बाबा. कचऱ्याचे दोन मोठे डबे, त्याच आमच्या दोन गाड्या. बाबा खाटेवर थाप मारत ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे!" मराठीचं अक्षर न येणारी हरप्रीतही जोशात ओरडू लागली, "येऊ दे!" आणि धाडकन डबा आडवा झाला. त्यानंतर बाबांचं "बस!" आलं. बोडीकाठचं नेटवर्क, त्याच्या सोयीनं पोचतं.

हरप्रीत पोट धरून हसली. बाबा नाही हसले. म्हणाले, "पोरी, माहा आवाज तिथी पोचेपर्यंत तुही गाडी ठोकली जाते. आता तूच मागं पाह्य. माह्या भरोशावर नको राहू." त्यांना हे म्हणायला जड गेलं असणार. मला ऐकायलाही गेलं.

दुसऱ्या परीक्षेला नेमक्या त्याच बाई. या खेपेला मी काच खाली केली नाही. आरसे पाहिले, मान वळवली आणि ओठातल्या ओठात म्हणत राहिले, येऊ दे, येऊ दे, बस. गाडी नीट जागेत बसली. पास झाले, नोकरी राहिली.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, इथं आपल्या गाड्यांना मागं कॅमेरा असतो. काही आडवं आलं की टीं टीं करतो, चुकत नाही, थकत नाही. पण तो आपला कोणी लागत नाही. मी अजूनही त्याच्या टीं टींवर आवाज चढवून "येऊ दे" म्हणते.

पास झाल्याचं कळवलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "मागं कोन होतं?"

"कोनीच नोहतं, बाबा."

मागून आई कोणाला तरी ओरडून सांगत होती की पोरगी पास झाली. मग बाबांनी घसा साफ केला.

"बरं झालं. पन गावाले येशील न, तं गल्लीतून गाडी काढतानी मागं मीच राहीन."

"तुमीच राहा, बाबा," मी म्हटलं. "तिथी मी मागं पाहनार नाई."