पेट्रोल जातं कुठं

आमच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती, युद्धाच्या आधीची. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून आमच्या ह्यांनी ती घेतली आणि टी. नगरातल्या आमच्या गल्लीत आमची मान एकदम ताठ झाली. पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा मात्र पहिल्यापासून मेलेला होता. टाकीत लाकडी पट्टी बुडवायची, कुठवर ओली झाली ते बघायचं आणि निघायचं. रोज सकाळी हे काम मी करायची, कारण तेव्हा हे संध्येला बसलेले असत.

त्या वर्षी नवरात्र संपलं आणि पट्टी कोरडी यायला लागली. आधी भरलेली टाकी आठवडाभर पुरून वर रविवारी समुद्रावर फेरी व्हायची. आता आठवडा संपायच्या आत तळ दिसू लागला. घरापासून जॉर्ज टाउनमधलं ऑफिस आणि ऑफिसपासून घर, रोजचा रस्ता एवढाच. मग पेट्रोल जातं कुठं? माझ्याजवळ उत्तर तयार होतं. ते उत्तर रोज सकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभं राहायचं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसायचं.

ती आषाढात पुण्याहून आली होती. समोरच्या घरात भावाकडे राहायची आणि ह्यांच्या ऑफिसजवळच एका कचेरीत नोकरी करायची. वाटेवरच आहे, सोडत जाईन, असं हे म्हणाले आणि मीही बावळटासारखी बरं म्हणाले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. आमची मराठी जुनी, तिच्यात तमिळ कालवलेली, हेलसुद्धा तमिळच. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ती ह्यांना म्हणाली की किती गोड, अगदी बखर ऐकल्यासारखं वाटतं. हे हसले. मी काही बखर नव्हते, चांगली तरणीताठी बाई होते.

मग ह्यांची मराठी बदलू लागली. लग्नापासून हे जेवताना “सांबार बरें आहे” म्हणत आले होते आणि माझं तेवढ्यात भागत होतं. आता “छान झालंय हं” असं कानावर यायला लागलं. त्या ‘हं’नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढं मी पुस्तकं वाचून वाचून तसलीच मराठी शिकले आणि आज हे लिहिते आहे तेही तिच्याच मराठीत. एवढं श्रेय तिला देते, यापुढं काही देणार नाही.

ह्यांनाही पेट्रोलची काळजी लागली होतीच. रविवारी बनियनवर गाडीशी झटायचे. प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट. पॉलिश पेपरनं घासून पुन्हा बसवले, पंधरवड्यात पुन्हा तसेच. टाकी गळते का ते बघायला खाली वर्तमानपत्र पसरलं, त्यावर थेंबही नाही. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवून पाहिलं, ब्रेक कुठे घासत नव्हता. टायरात हवा बरोबर होती. पाँडी बझारच्या मागच्या शेडमधल्या मेकॅनिकनं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून दिला आणि जुन्या गाड्या अशाच पितात म्हणून सांगितलं. मी ओसरीवर उभी राहून हे सगळं बघायची आणि मनात म्हणायची, काय नाटक चाललंय. पेट्रोल कुणाला हवा खायला नेण्यात जळतंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. संध्याकाळी थोडा उशीर झाला की माझ्या डोळ्यांसमोर मरीना यायचा, वाळूच्या कडेला उभी आमची गाडी यायची आणि काचेतून हसणारे हे यायचे. मला घास गिळवत नसे.

पोंगलच्या सुटीत ती पुण्याला गेली होती. मी म्हटलं, मला तुमच्या ऑफिसपर्यंत घेऊन चला. ऑफिस बंद आहे, तिथं काय बघणार, असं हे म्हणाले. रस्ता बघायचा आहे, मी म्हटलं. त्यांच्यादेखत टाकीत पट्टी बुडवली, ओल्या खुणेवर खडूची रेघ मारली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“तुज काय वाटलें, मी कोठें जातों?” त्यांनी विचारलं. किती दिवसांनी आमची भाषा त्यांच्या तोंडातून आली होती.

“पट्टी सांगेल,” मी म्हणाले.

नेहमीच्याच रस्त्यानं गेलो. पुलाचा चढ आला तेव्हा गाडीला धाप लागली. मी मागं वळून पाहिलं तर धुराचा काळा लोट, आणि मागचा सायकलवाला उपरणं नाकाला लावून आम्हाला शिव्या देत होता. जॉर्ज टाउनला वळसा घालून कुठंही न थांबता घरी आलो. मी पट्टी बुडवली. रेघेच्या खाली ती भलतीच कोरडी होती. म्हणजे सरळ जाऊन सरळ आलं तरी गाडी तेवढंच पीत होती. ह्यांची सुटका झाली. मला हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, इतके महिने जळले ते फुकट गेलं म्हणून.

त्या धुराचं मात्र मला कळत होतं. वातीच्या स्टोव्हची भोकं काजळीनं बुजली की तो असाच काळा धूर ओकतो आणि रॉकेल भसाभसा पितो. ह्यांना म्हटलं, हिला वारा मिळत नाही, श्वास कुठून घेते ते बघा. ह्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचा एक डबा होता, त्याला हवा आत घेणारी सोंड. ह्यांनी सोंडेत बोट घातलं, मग दोन बोटं, आणि आतून एक पुरचुंडी ओढून काढली. एके काळी पिवळं असलेलं फडकं, आत कडुलिंबाचा पाला, मोहरी, सुक्या मिरच्या. सगळं तेलकट काळं. हे पोट धरून हसले. अम्मेचं काम, म्हणाले; अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. लगेच गल्लीत फेरी मारून आले. धूर गेला होता, धाप गेली होती. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तिसऱ्या प्रहरी मी परसात गेले. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मी हसत हसतच विषय काढला. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. नवरात्रातल्या आयुधपूजेला गाडीला गंध लावताना बॉनेट उघडं होतं. चाकाखालची लिंबं, आरशाला बांधलेला काळा दोरा, असलं काही दिसलं की लेक काढून फेकतो, म्हणून त्याला दिसणार नाही अशा जागी त्यांनी दृष्टीची पुरचुंडी कोंबली होती. जिथून श्वास आत जातो तिथूनच दृष्ट आत शिरते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, गल्लीतल्या लोकांची दृष्ट. तरी विचारलं, कोणाची?

“कोणाची म्हणून काय पुसतेस. समोरचीची. तुज दिसतें तें मज दिसत नाहीं काय?”

घाईघाईनं मी त्यांना समजावू लागले. पेट्रोल त्या पुरचुंडीमुळं जात होतं, मी स्वतः बसून जाऊन आले, पट्टीनं पाहिलं, हे कुठं जात नाहीत, काही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याशी एवढं शांतपणे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“पेट्रोल मज काय समजतें. त्याचें हसणें समजतें. त्याचा बापही असाच हसायचा. तेव्हां आमच्या घरीं घोड्याचा जटका होता. घोडा कांहीं सांगत नाहीं.”