गार पडलेल्या पेशी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी कुसुमवन्संचे पाय शेकायला थर्मासात गरम पाणी भरत होते. त्या गेल्या होत्या. मी थर्मासाचं झाकण लावलं, तो तसाच पिशवीत घातला आणि निघाले.

थर्मास मूळचा माझा, चहाचा. वन्सं सोलापुरात यकृताच्या पेशींवर संशोधन करायच्या तेव्हा आमच्याकडेच राहायच्या. भाकरी थापताना मी त्यांच्या कामाचं विचारायचे आणि त्या मूठ मिटून-उघडून दाखवायच्या. शेजारच्या दोन पेशींमध्ये पित्ताची बारीक वाट असते. रक्तातून आलेलं संप्रेरक आत शिरत नाही, दारावर नुसती थाप मारतं. तेवढ्यानं पेशीत साठलेलं कॅल्शियम सुटतं, वाटेभोवतीचे धागे आवळतात, पित्त पुढं सरकतं. कॅल्शियम ओसरलं की वाट सैल.

त्यांच्या प्रयोगाच्या काचेच्या बशीतल्या पेशी आवळायच्या, पण सुटायच्याच नाहीत. "मेल्यात त्या. विषय बदला," असं त्यांच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं. तीन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. वन्सं न जेवता बसल्या.

"मग बदला की विषय! जगबुडी आलीय का?" मी म्हणाले.

"वैनी, करडू गार पडलं म्हणून तुमी लगेच फेकून देता व्हय?" त्या उखडल्या... आणि स्वतःच्याच शब्दांवर अडकल्या.

आमचं सासर सांगोल्याकडचं, शेळ्यामेंढ्यांचं. तिथं नुकतं जन्मलेलं करडू निपचित असलं तरी पोत्यात गुंडाळून, चुलीपाशी चोळून ऊब दिल्याशिवाय ते मेलं असं कुणी म्हणत नाही. आणि इथं, मे महिन्यात, प्रयोगशाळेत कूलर चालू आणि पेशी धुवायचं द्रावण थेट फ्रिजमधलं! पेशी मेल्या नसतील, गारठ्यानं त्यांना कॅल्शियम आवरता येत नसेल.

दुसऱ्या दिवशी माझा थर्मास प्रयोगशाळेत गेला. त्यातल्या कोमट पाण्यात द्रावणाची बाटली ठेवायची होती. संध्याकाळी वन्संनी दारातच माझ्या नाकासमोर मूठ धरली आणि एकेक बोट सोडलं.

"सुटल्या की वो, वैनी!"

"आणि माझा थर्मास?"

"त्यात आता चहा न्हाय हं."

पुढं वन्सं निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्या टेबलावर राहिला, मग माझ्याकडं परत आला.

दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांचा हात गार होता, बोटं अर्धी मिटलेली. नर्स हळूच म्हणाली, "बाई, गेल्यात त्या." मला ते कळत होतं. तरी मी शेकायच्या रबरी पिशवीत थर्मासातलं पाणी ओतलं, ती त्यांच्या हाताखाली ठेवली, हात चोळला. आमच्याकडं तशी पद्धत आहे. पाणी निवेपर्यंत बसले आणि मग घरच्यांना फोन लावायला उठले.

थर्मास घासून फळीवर ठेवलाय. चहाला दुसरा आणला.