बाबांचा हसरा फोटो

"तेरवीला हसरा फोटो लावायचा," आई म्हणाली. "तुझ्या दिल्लीच्या गॅलरीवाला नाही. हसरा."

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. "लावू ना," मी म्हणाले. आई अगदी निश्चिंत होती. "तुझ्यापाशी तर ढीग असेल. रोज संध्याकाळी सांगायचे ना मला, आज पोरीचे तीन फोटो खराब केले, आज पाच केले. त्यातलाच एखादा पाहा आणि मोठा करून आण."

ढीग होता खरा. पण तो मी रोजच्या रोज, माझ्याच हातानं पुसला होता, आणि हे आईला माहीत नव्हतं.

मी फोटोग्राफर आहे. जबलपुरात एवढं सांगून भागत नाही. "शादी-ब्याह वाले?" असं विचारतात. नाही, भिंतीवर लावायचे. "किसकी दीवार पे?" इथे मी विषय बदलते, कारण त्या भिंती दिल्लीत असतात आणि त्या घरांत मीही कधी गेलेली नाही. दिल्लीत सहा वर्षं मी दुसऱ्या फोटोग्राफरांचे लाइट उचलले, मग थकून, चिडून घरी परत आले. तेव्हा बाबा नुकतेच फॅक्टरीतून रिटायर झाले होते. उभी हयात लेथ मशीनवर गेलेली. चार वाजता फॅक्टरीचा भोंगा झाला की त्यांना काय वाटायचं कोण जाणे, पण ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे. बनियानवर. अर्ध्या तोंडावर ऊन, अर्धं अंधारात. मी एक दिवस सहज एक फोटो काढला.

त्या फोटोत ते असे दिसले, की या माणसाचं सगळं आयुष्य कोणीतरी काढून नेलंय. खरं सांगू? ते तेव्हा दाढेत अडकलेली सुपारी जिभेनं काढून राहिले होते. पण दिल्लीतल्या आर्ट गॅलरीवाल्या बाईंनी तो फोटो पाहिला आणि लगेच प्रदर्शनासाठी ठेवून घेतला. मग मी सुपारीचं बोलले नाही. पुढे प्रदर्शनात फोटोंशेजारी एक कागद लागला. त्यावर लिहिलं होतं, यंत्रानं पिळून घेतलेला माणूस. ते मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना मला फार हुशार वाटलं होतं.

आमचे बाबा आणि पिळून घेतलेले! अहो, फॅक्टरीत जायला मिळावं म्हणून तापात उठून आंघोळ करणारा माणूस तो. अख्ख्या कॉलनीत नकला करत फिरायचे. पण आता गॅलरीला आणखी फोटो हवे होते, त्याच खिडकीतले, त्याच माणसाचे. मी मध्येच जवळच्या बरगी धरणावर जाऊन मासेमारीची जाळी विणणाऱ्या बायकांचे काढले, कुंडम गावचा बाजार काढला. बाई म्हणाल्या, छान आहे, पण हे तू नाहीस. म्हणजे मी कोण, तर खिडकीपाशी तोंड पाडून बसलेला माझाच बाप. चार वर्षं ती एक खोली, ती एक खुर्ची आणि आम्ही दोघं. मी त्यांना तिथे कोंडलं आणि कडी आतून लावून मीही तिथेच राहिले. नावही तिथेच झालं, पोटही त्याच्यावरच चाललं. बाहेर पडायचं म्हटलं तर मला दुसरं येत काय होतं?

आणि बाबांना हसू आवरायचं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांचे खांदे हलायला लागायचे.

"बाबा, हसू नका."

"नाही हसत. हे बघ."

आणि फिस्सकन हसायचे. मी तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर तो फोटो डिलीट करायची. इतर फोटोग्राफर असं करत नाहीत, सगळं ठेवतात, मग निवडतात. मी करायची. मला वाटायचं, आपण शिस्तीच्या आहोत. बाबांना त्यात भारी मजा यायची. "उडवला का? चलो, एक गेला!" असं ओरडायचे, आई स्वयंपाकघरातून ऐकायची. वर्षभरानं मात्र खेळ ओसरला. ते मुकाट बसायला लागले. मला वाटलं, आता जमलं यांना.

तर आता तेरवीला नऊ दिवस. मी कॉम्प्युटर लावून बसले. फोटोमागून फोटो, बाबा माझ्याकडे बघताहेत आणि एकातही हसत नाहीत. मी काय काय म्हणून पाहिलं नाही! हसण्याच्या आधीचा एखादा, हसून झाल्यावरचा एखादा, अगदी हललेला, धुरकट असला तरी चालेल. नव्हता. जुन्या अल्बमात होते, पण तिथे ते मिशीवाले तिशीतले होते. आई म्हणाली, "हे कुठले? मला आत्ताचे दे. माझे म्हातारे."

मग मी नातेवाइकांच्या मागे लागले. आजकाल कोणाच्या फोनमध्ये कोण नसतं? चुलतभाऊ क्रियाकर्मासाठी नागपूरहून आला होता, त्यानं त्याच्या लग्नातले पाठवले. मावशीनं बारशातले पाठवले. प्रत्येकात बाबा होते. आणि प्रत्येकात तोंड मिटून, मान किंचित बाजूला वळवून, जणू तिथेही ती खिडकी आहे, मी सांगितल्यासारखे उभे. लग्नात! हातात गुलाबजामची वाटी! शेजारी सगळे बत्तीशी दाखवताहेत आणि मधोमध हा यंत्रानं पिळून घेतलेला माणूस. चुलतभाऊ म्हणाला, "काका ना, कॅमेरा दिसला की सीरियस व्हायचे. आम्हाला वाटायचं, तब्येत बरी नसेल." मी फोन उलटा करून ठेवला. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सातव्या दिवशी मी नेपियर टाउनमधल्या एका स्टुडिओत गेले. पासपोर्ट फोटो, चहाच्या मगवर फोटो, असलं सगळं करणारा स्टुडिओ. ज्या दुकानांना मी उभा जन्म नाकं मुरडली, तिथे रांगेत कोचिंग क्लासच्या पोरांच्या मागे उभी राहिले. म्हटलं, भैया, इनको हँसा दोगे? तो म्हणाला, "दो मिनट का काम है, दीदी." खरंच दोन मिनिटांत त्यानं बाबांच्या ओठांची टोकं वर ओढली, आत दात बसवले. वर विचारलं, कोट-टाय घालू का? बाबा पडद्यावरून माझ्याकडे बघून हसले. कोणाचे तरी दात होते ते. डोळे तसेच, खिडकीतले. मी "रहने दो" म्हणून पळाले, आणि ऑटोत बसल्यावर ढसाढसा रडले. ऑटोवाल्यानं बिचाऱ्यानं पुढच्या चौकात पोचल्यावर विचारलं, कुठे जायचंय.

घरी पोचते तोच गॅलरीवाल्या बाईंचा फोन. वाईट बाई नव्हेत, मनापासून बोलल्या, स्वतःही रडल्या. मग म्हणाल्या, आत्ता नको, पण जमेल तेव्हा आईचे काढायला लाग. ती खिडकी, ती रिकामी खुर्ची, शेजारी आई. हीच पुढची मालिका आहे, तुलाही ठाऊक आहे. मला ठाऊक होतंच. कसे दिसतील ते फोटो, हे मला बाबांना नेलं त्या संध्याकाळीच दिसलं होतं, आणि त्यासाठी मी स्वतःला चार चपराका मारायला हव्या होत्या. मी "हो, बघते" म्हणाले. नाही म्हणवलं नाही.

आई दारात उभी होती. "कोण होतं?"

"दिल्लीहून."

"आता माझा नंबर का?"

"नाही ग. काहीतरीच तुझं," मी म्हणाले. पण माझा आवाज इतका फुसका निघाला, की त्याच्यावर कोणीच विश्वास ठेवला नसता. आईनंही ठेवला नाही.

बाराव्या दिवशी मी शेवटी तिला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशीचे मसाले काढत होती. मी म्हणाले, "आई, हसरा फोटो नाहीये. एकही नाही. मी ते सगळे पुसले."

"काहून?"

"हसरे चालत नव्हते."

"कोणाला चालत नव्हते?"

याचं उत्तर दिल्लीत मला येतं, माइक हातात घेऊन अर्धा तास देता येतं. आमच्या स्वयंपाकघरात मी धण्याची पुडी उघडून तिच्यापुढे सरकवली. आई डब्याचं झाकण लावत राहिली. लागत नव्हतं. "मी इथून ऐकायची तुमचा गोंधळ," ती म्हणाली. "मला वाटायचं, जमा होऊन राहिलं सगळं तुझ्यापाशी. म्हटलं, यांना काही झालं तरी पोरीपाशी आहे." मग झाकण तसंच सोडून म्हणाली, "चलो. जो आहे तो लाव."

तेरवीला मी गॅलरीतलाच फोटो लावला. हार घातला. लोक हात जोडायचे, फोटोकडे बघायचे आणि आवाज खाली आणून आईला विचारायचे, "आखिरी में बहुत तकलीफ़ थी क्या?" आई म्हणायची, "नहीं जी, ऐसे नहीं थे. ये हँसने नहीं देती थी." मराठी माणूस आला की, "तसे नव्हते हो ते. ही हसू द्यायची नाही." रागानं नाही. आज वरणात मीठ कमी पडलं हो, अशा आवाजात. प्रत्येकाला. आणि प्रत्येक जण वळून माझ्याकडे बघायचा. मी वाढत राहिले. जाणार कुठे?

शेवटच्या पंगतीत बाबांचे फॅक्टरीतले जोडीदार आले, शेजारच्या लेथवरचे. ते फोटोपुढे बराच वेळ थांबले. "भाभी, ये कौन है?" त्यांनी विचारलं. मग पानावर बसल्या बसल्या सांगायला लागले. एकदा नवा साहेब पाहणीला आला, तर बाबांनी त्याला अगदी गंभीरपणे सांगितलं, ही मशीन जुनी आहे, मानी आहे, तीनदा नमस्कार केल्याशिवाय सुरू होत नाही. साहेबानं खरंच हात जोडले, एकदा, दोनदा, तीनदा! आणि मग बाबा कसे हसले, ते त्यांनी करून दाखवलं. आधी नुसते खांदे, आवाज नाही. मग कुकरची शिट्टी. हुबेहूब! अख्खी पंगत हसली. आणि आई हसली. डोकं मागे टाकून, पदर खांद्यावर पडला तरी भान नाही, पडलेल्या दाताची फट दिसतेय, डोळ्यांतून पाणी. तेरा दिवसांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी दारातच थांबले.

तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं पटकन तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि ताठ बसली.

माझ्या हातात खिरीचं पातेलं होतं. दुसरं काही नव्हतं.

"आई, हस ना ग," मी म्हणाले.

पंगतीतल्या माना वळल्या. आई माझ्याकडे बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "वाढ तू."